यंत्राचा ठेका आणि माणसाचा हात



न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्यातल्या संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसून काही ऐकावे, ही चाल महाराष्ट्रात गावोगाव पडली. अशा व्यासपीठावरून इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान यांवर बोलले जावे हे सर्वांना मान्यच आहे. आजचा आमचा विषय त्या मानाने फारच धाकटा आहे. घरच्या संगणकावर ड्रमचा ठेका कसा रचावा, म्हणजे तो माणसाने वाजवल्यासारखा वाटेल, एवढाच तो विषय. हा पोरखेळ आहे असे कोणास वाटले तर त्यांना आमची विनंती एवढीच, की तासभर धीर धरावा. कारण या पोरखेळात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो आपल्या या कारखान्यांच्या गावाला अगदी जवळचा आहे. यंत्राने माणसाची नक्कल करावयाची म्हटले, तर नक्कल नेमकी कशाची करावयाची?

प्रथम हा विषय इथे का, ते सांगतो. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे आकुर्डी, भोसरी, चिंचवड आणि अलीकडच्या काळात चाकण असा हा कारखान्यांचा पट्टा वाढत गेला. इथले घर पाळीवर चालते. वडील रात्रपाळी करून सकाळी झोपतात, थोरला भाऊ दुपारी निघतो, वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड पहाटे उठते. अशा इमारतीत मुलाला गिटार शिकता येते, पेटी शिकता येते, तबलाही दार लावून शिकता येतो. ड्रमसेट मात्र शिकता येत नाही. तो ठेवायला जागा नाही आणि वाजवायला वेळ नाही. चोवीस तासांत अशी एकही घटका नाही, की जेव्हा आसपास कोणी झोपलेले नसते. त्यातून 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 ही वेळ शांततेची ठरवून दिलेली आहे, आणि ते योग्यच आहे. तेव्हा ज्याला ड्रमची ओढ आहे तो कानाला हेडफोन लावून संगणकाकडे वळतो. आम्हीही असेच वळलो. घरात केलेल्या एका गाण्याला ठेका हवा होता आणि वाजवणारा कोणी नव्हता.

आता हे काम चालते कसे, ते पाहू. संगणकावर ध्वनिमुद्रणाचे जे सॉफ्टवेअर असते, त्यात चौकटीच्या वहीसारखे एक पान उघडते. आडव्या ओळी वाद्यांच्या : एक बास ड्रमची, ज्याला वादक किक म्हणतात, एक स्नेअरची, एक हाय-हॅट नावाच्या जोडझांजेची, मग टॉम आणि मोठ्या झांजा. उभ्या रेघा काळाच्या. ज्या चौकटीत खूण कराल, त्या क्षणी ते वाद्य वाजेल. या खुणांची भाषा 1983 साली ठरली. तिचे नाव मिडी. निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी एकमेकांशी बोलावे म्हणून ती निघाली आणि आजही तीच चालते. या भाषेत प्रत्येक आघाताबद्दल मुख्यतः तीन गोष्टी सांगाव्या लागतात. कोणते वाद्य, केव्हा आणि किती जोराने. जोर मोजण्याचे आकडे 1 ते 127. काळाचे मापही फार बारीक असते. मिनिटाला 100 मात्रांची लय धरली तर एक मात्रा 600 मिलिसेकंदांची होते. पुष्कळ सॉफ्टवेअरांत तिचे 480 भाग पडतात, म्हणजे एकेक भाग सव्वा मिलिसेकंदाचा. इतके सूक्ष्म माप हातात असताना चूक व्हावी कशी, असे आम्हांला त्या वेळी वाटले.

आम्ही सर्व खुणा बरोबर रेघेवर मांडल्या. प्रत्येक आघाताचा जोर 100 ठेवला. दर चार आवर्तनांनी टॉमवरून एक गडगडाट फिरवला. तयार झालेला ठेका मोठ्या कौतुकाने शेजारच्या एका तरुणास ऐकवला. हा तरुण दिवसा लेथवर काम करतो आणि गणपतीच्या दिवसांत ढोलपथकात ताशा वाजवतो. त्याने डोळे मिटून सगळे ऐकले आणि दोनच प्रश्न विचारले. “काका, ह्याला हात किती आहेत? आणि हा दमत कसा नाही?”

पुढे कित्येक महिने आम्ही जे शिकलो ते या दोन प्रश्नांच्या उत्तरात आले.

पहिला प्रश्न हातांचा. ड्रम वाजवणाऱ्या माणसाला दोन हात आणि दोन पाय असतात. उजव्या हाताने वाजवणाऱ्याचा उजवा हात बहुधा हाय-हॅटवर, डावा स्नेअरवर, उजवा पाय किकच्या पायट्यावर आणि डावा पाय हाय-हॅटच्या पायट्यावर. आमच्या ठेक्यात टॉमचा गडगडाट चालू असताना हाय-हॅटही वाजत राहिली होती. म्हणजे आमच्या वादकाला तिसरा हात फुटला होता! ऐकणाऱ्याला ड्रमचे शास्त्र ठाऊक नसते, तरी त्याच्या कानाला हा तिसरा हात जाणवतो. काहीतरी खोटे आहे एवढे त्याला कळते. काय ते सांगता येत नाही. तेव्हा पहिला नियम असा, की चौकटीत खूण करण्यापूर्वी तो हात या क्षणी कोठे आहे हे विचारावे. दोन्ही हात टॉमवर गेले तर हाय-हॅट थांबलीच पाहिजे. मोठी झांज मारावयाची तर तिथपर्यंत हात न्यायला क्षणभर हवा आणि परत आणायलाही हवा. उघडलेली हाय-हॅट पायाने मिटली की तिचा नाद तुटतो. उघडीचा आणि मिटलेलीचा आवाज एकदम येऊ शकत नाही. हे नियम पाठ करण्याची गरज नाही. खुर्चीत बसून मांडीवर दोन्ही हातांनी ठेका धरावा आणि पाय जमिनीवर आपटावेत. जे अंगाला जमत नाही ते वहीत लिहू नये.

दुसरा प्रश्न दमण्याचा. त्याचे दोन भाग पडतात. एक जोराचा आणि एक काळाचा.

जोराचे पाहू. हाय-हॅटवर सारखे आघात करणारा माणूस ते सारख्या जोराने करीत नाही. एक मारताना हात खाली येतो, दुसरा त्याच झोकात वरच्यावर लागून जातो. तबला ऐकणाऱ्यांना हे सांगावयास नको. ठेक्यातला प्रत्येक बोल सारख्या वजनाने वाजवला तर तो ठेका राहत नाही, त्याची उजळणी होते. टाळी आणि खाली हा भेदच मुळी वजनाचा आहे. तद्वत ड्रममध्ये मात्रेवरचा आघात 95 च्या आसपास, तर मधला 60 ते 75 असा ठेवावा. स्नेअरचे मुख्य आघात साधारणपणे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतात. ते ठसठशीत हवेत. पण त्यांच्या मधल्या जागेत चांगला वादक डाव्या हाताची काडी नुसती टेकवतो. हे दबके आघात 30 च्या आसपास ठेवावे लागतात. ते वेगळे ऐकू येत नाहीत. काढून टाकले म्हणजे त्यांची उणीव कळते. पोळीला लावलेल्या तेलासारखे ते आहेत म्हणा ना.

यालाच जोडून ध्वनीची गोष्ट आहे. 1980 साली अमेरिकेत रॉजर लिन यांनी एल.एम.-1 हे यंत्र काढले. खऱ्या ड्रमचे ध्वनी मुद्रित करून त्यांवर चालणारे हे पहिले तालयंत्र. त्यात एकेका वाद्याचा एकच आघात साठवलेला असे. आजच्या ध्वनिसंचांत एकाच स्नेअरचे हलके, मध्यम, जोरकस असे अनेक थर असतात. कारण जोरात मारलेला आघात नुसता मोठा नसतो, त्याचा नादच निराळा असतो. शिवाय एकाच जोराचे चारपाच वेगवेगळे आघात मुद्रित केलेले असतात आणि ते पाळीपाळीने वाजतात. असे केले नाही तर जलद आघात शिलाईयंत्रासारखे ऐकू येतात. इथे जाता जाता एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आपल्याला शेवटी परत यावयाचे आहे. हे सगळे थर भरण्यासाठी कोणी एक ड्रमवादक बंद खोलीत बसून शेकडो वेळा तीच काडी मारीत राहिलेला असतो.

आता काळ. आपल्यापैकी पुष्कळांचे आयुष्य कारखान्यात गेले आहे. ड्रॉइंगवर माप असते आणि मापापुढे टॉलरन्स असतो, अधिक इतके, उणे इतके. त्यात बसला तो जॉब पास, बाहेर गेला तो रिजेक्ट. मापापासून ढळणे हा तिथे दोष आहे. फक्त किती दोष चालवून घ्यावयाचा ते ठरलेले असते. आम्हीही प्रथम असेच समजलो. माणूस वाजवतो म्हणजे थोडा चुकतो. तर आपणही थोड्या चुका पेराव्यात. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक बटणच असते. ते दाबले की सर्व आघात रेघेपासून फाशांतल्या दानाप्रमाणे थोडे मागेपुढे सरकतात. आम्ही ते दाबले. ठेका यांत्रिक होता तो आता झिंगल्यासारखा झाला!

असे का व्हावे, याचे उत्तर जर्मनीतील गटिंगेन येथील मॅक्स प्लांक संस्थेच्या मंडळींनी दिलेले आहे. हॉल्गर हेनिग आणि त्यांचे सहकारी यांनी 2011 साली माणसाच्या तालातील फरकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना आढळले ते असे, की माणसाचे मागेपुढे होणे फाशांसारखे नसते. त्याला स्मरण असते. या क्षणी वादक किंचित मागे रेलला असेल, तर त्या रेलण्याचा माग पुढे बराच काळ उरतो. त्यांनी तेच संगीत दोन प्रकारांनी बिघडवून लोकांना ऐकवले, एकदा फाशांच्या पद्धतीने आणि एकदा माणसाच्या पद्धतीने. श्रोत्यांनी पसंती दिली ती दुसऱ्याला. पुढे 2015 साली जेफ पोर्कारो या नामवंत वादकाच्या, 1982 सालच्या एका गाण्यातील हाय-हॅटचे असेच मोजमाप झाले. तिथेही काळात आणि जोरातही हे लांबवर पोचणारे धागेदोरे सापडले.

ज्यांनी यंत्रावर काम करताना तासातासाला मापे घेऊन कंट्रोल चार्ट भरला आहे, त्यांना हे लवकर उमजेल. चार्टवरचे ठिपके उगीच वरखाली होणे वेगळे, आणि टूल झिजत गेल्यामुळे ते हळूहळू एका बाजूला सरकणे वेगळे. दुसऱ्यात मागचे पुढच्यात उरते. वादकाची गोष्ट अगदी झिजेसारखी नाही, कारण तो परतही येतो. पण फासे आणि स्मरण यांतला भेद त्या चार्टवर डोळ्यांनी दिसतो.

मग करावे काय? फासे टाकू नयेत. हाताने वाजवावे. संगणकाला जोडलेल्या छोट्या पॅडवर, नाही तर साध्या कळफलकावर, निदान हाय-हॅट आणि स्नेअर तरी बोटांनी वाजवून घ्यावेत. मग सॉफ्टवेअर त्यांना रेघेकडे ओढू पाहील. ते शंभर टक्के ओढू न देता निम्म्यावर थांबवावे. वाजवता येतच नसेल तर फरक विचार करून मांडावेत. संथ गाण्यात स्नेअर रेघेच्या मागे दहाएक मिलिसेकंद ठेवावी, आणि ठेवली तर सबंध कडवे ठेवावी. ध्रुपदाला लय मिनिटाला एखाद्या मात्रेने चढू द्यावी. टॉमच्या गडगडाटात माणूस किंचित घाई करतो. ती घाई राहू द्यावी. दहा मिलिसेकंद ऐकू तरी येतात काय, असे कोणी विचारील. तितक्या वेळात ध्वनी साडेतीन मीटर जातो, म्हणजे या सभागृहाच्या तीनचार रांगा. उशीर म्हणून तो कळत नाही. झोक म्हणून कळतो.

अशी दुरुस्ती करून आम्ही तो ठेका पुन्हा शेजाऱ्यास ऐकवला. तो म्हणाला, “आता माणूस वाजवतोय. पण काका, हा गाणं ऐकत नाहीये.”

या एका वाक्यासाठी आम्ही त्याचे ऋणी आहोत. आमचा वादक आता दोन हातांचा होता, दमत होता, रेलत होता. पण गायकाने श्वास कोठे घेतला हे त्याला ठाऊक नव्हते. दर चार आवर्तनांनी तो गडगडाट करी, मग गायक शब्दाच्या मध्यावर असो की शेवटी. आम्ही ती वही मिटली आणि नुसते गाणे ऐकू लागलो. ओळ कोठे संपते, कोणत्या शब्दावर भर आहे, गिटारचा खालचा स्वर कोठे पडतो हे टिपले. मग किक त्या खालच्या स्वराच्या जोडीने बसवली. गडगडाट चारांतून तीन ठिकाणचे काढून टाकले. एका कडव्यात तर हाय-हॅटखेरीज काहीच ठेवले नाही. ठेका जिवंत झाला तो या दिवशी. पूर्वी केलेले सगळे काम हात, जोर आणि काळ यांचे होते; ते आवश्यकच होते. पण वादक म्हणजे ऐकणारा माणूस. नक्कल करावयाची ती त्याच्या चुकांची नव्हे, त्याच्या ऐकण्याची.

हे आमच्या आळंदी-देहूच्या परिसरात निराळे सांगावयास नको. दिंडीत पन्नास टाळकरी चालतात. पन्नासांचे टाळ एका क्षणी कधीच पडत नाहीत. तरी भजन एक असते, कारण प्रत्येकाचा कान पखवाजाकडे आणि शेजाऱ्याकडे असतो. ढोलपथकाचे तसेच. संगणकावर पथक उभे करू पाहणारा नवखा एका ढोलाचा ट्रॅक दहादा उतरवतो. त्यातून दहा ढोल होत नाहीत, एकच ढोल मोठ्याने वाजतो. दहा ढोल हवे असतील तर ते दहा वेळा, दर वेळी ताशाकडे कान ठेवून, वेगवेगळे वाजवावे लागतात. याला आडवाट नाही.

इथे कोणी म्हणेल, की यंत्राने माणसासारखेच का वाजवावे? यंत्र म्हणूनच वाजवले तर काय बिघडले? काहीच नाही. 1982 साली मुंबईत चरणजितसिंग यांनी दहा रागांची एक तबकडी काढली. तिच्यात ठेका होता रोलंड कंपनीच्या टी.आर.-808 या तालयंत्राचा. खऱ्या ड्रमची नक्कल करण्याचा आव त्यात कोठेही नाही. त्या काळी तिची फारशी दखल घेतली गेली नाही. पुढे 2010 साली ती पुन्हा निघाली, तेव्हा जगभरच्या रसिकांना तिचे मोठे नवल वाटले. यंत्र आहे तर यंत्र म्हणावे, माणूस हवा तर माणसाप्रमाणे ऐकावे. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. फसगत होते ती मधल्या मार्गावर, जिथे यंत्राला चारदोन चुका चिकटवून माणूस म्हणून उभे केले जाते.

आता त्या जड प्रश्नाकडे येतो. आमचा शेजारी तिसऱ्यांदा आला तेव्हा ठेका ऐकून तो खूश झाला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, “म्हणजे आता आमची गरज नाही.”

हसून सोडून द्यावे असे हे बोलणे नव्हते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत एके काळी गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला मोठे वाद्यवृंद बसत. सिंथेसायझर, तालयंत्रे आणि एकेक ट्रॅक स्वतंत्र मुद्रित करण्याची सोय आली तशी ही पद्धत मोडत गेली, आणि विसावे शतक संपेपर्यंत तिचा अंत झाला. ग्रेगरी बूथ यांनी 2008 साली त्या वादकांच्या मुलाखती घेऊन लिहिलेल्या ग्रंथात ही हकीकत आली आहे. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात 1985 नंतर ऑक्टोपॅड आले आणि अनेक तालवाद्यांचे काम एका माणसाच्या दोन काड्यांवर आले. यंत्राने कोणाचेच पोट मारले नाही, असे या गावात उभे राहून म्हणण्याचे धाष्टर्य आम्ही करणार नाही. चाकणला मोटारीचे सांगाडे जोडणारे यांत्रिक हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते खरेही वाटणार नाही.

त्याला देण्यासारखे पुरे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आजही नाही. पण त्या दिवशी आम्ही एक गोष्ट केली. त्याला एका रविवारी दुपारी ताशा घेऊन बोलावले, शेजाऱ्यांची रीतसर परवानगी घेतली आणि त्याचे वादन मुद्रित केले. पडद्यावर त्याचा एकेक आघात रेघेशी ताडून पाहिला. समेच्या आधीचे दोन आघात तो दर वेळी किंचित लवकर घेतो आणि समेवर जरासा थांबतो, असे दिसले. त्याला स्वतःला हे ठाऊक नव्हते. बराच वेळ तो त्या पडद्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “हे आमच्या वस्तादांचं आहे.” ज्याने त्याला शिकवले त्याचा हात त्याच्या हातात उतरला होता. यंत्राने तो निर्माण केला नाही. यंत्राने तो दाखवला.

म्हणून आमचे सांगणे असे. ज्या मुलाच्या घरात ड्रमसेट मावत नाही, त्याने संगणकावर खुशाल ड्रम शिकावेत. त्याच्यापुढे ते एक दार उघडलेले आहे आणि ते कोणी लावू नये. पण त्याने दर आठवड्याला एक खरा वादक समोर बसून ऐकावा. गणपतीत ताशा ऐकावा, आळंदीस पखवाज ऐकावा, लग्नातल्या ऑक्टोपॅडवाल्याच्या मनगटाकडे पाहावे. संगणकावर रचलेला ठेका हा वादकाला लिहिलेल्या पत्रासारखा समजावा. शक्य असेल तेव्हा ते पत्र त्याच्या हाती द्यावे आणि त्याच्याकडून वाजवून घ्यावे. आणि कोणाचा हात मुद्रित करून वापरलात, तर त्याचे नाव घालावे आणि त्याची बिदागी द्यावी. ध्वनिसंचातल्या त्या शेकडो आघातांमागेही कोणी एक माणूस बंद खोलीत बसलेला होता, हे मघाशी सांगितलेच आहे.

आमच्या त्या गाण्यात शेवटी ड्रम संगणकाचेच राहिले. शेवटच्या कडव्यात मात्र ताशा आहे, आणि तो रेघेवर नाही. आम्ही तो तसाच ठेवला.